नावं ठेवणारी

सतरा नंबरच्या इमारतीत घरांना आकडे नव्हते कधी.
बर्लिनच्या या भागात माणूस आडनावावर सापडतो:
फाटकापाशी पितळी पट्टी, बावीस बटणं,
प्रत्येक बटणाशेजारी बोटभर कागद.
अकरा वर्षं मी इथं टपाल टाकते आहे.
अक्कोयुन, क्रुम्बहोल्त्स, शुकैर, ओस्मानी,
आणि सगळ्यात वर वीलांट, ज्याला येतात फक्त विजेची बिलं
आणि नाताळात कुणा भावाचं कार्ड, तुरुंगाचा शिक्का असलेलं.

मग तीस वर्षांची मुदत संपली.
कसली मुदत, मलाही ठाऊक नव्हती.
बांधायला पैसा सरकारनं दिला होता, म्हणून भाडं बांधलेलं होतं.
बांधलेलं सुटलं, एवढंच.
कुणी दार फोडलं नाही, आवाज चढवला नाही.
लिफ्ट आली. बाल्कन्या आल्या.
नव्या भाड्याचं पत्र आलं,
म्हणजे मीच आणलं,
बावीस लिफाफे, बावीस सह्या,
शुकैरांच्या मुलानं तर मला पाणीही विचारलं.

पहिला पत्ता कट झाला ओस्मानींचा.
त्या कागदाच्या जागी छापील पट्टी: अपार्टमेंट तीन.
मग अपार्टमेंट सात. मग नऊ, दहा, अकरा एकदम.
आकड्यांना कोण पत्र लिहितं?
चाकांच्या बॅगा फरशीवर खडखडत येतात,
तीन रात्री राहतात, जाताना बाटल्या ठेवून जातात.
माझी थैली या फाटकापाशी हलकी होईनाशी झाली.
परत, परत, परत,
शिक्का मारून मनगट दुखायचं.

तळमजल्यावर सेव्गी अक्कोयुन. लोकांच्या चेन बदलून देते,
पँटी आखूड करून देते.
एका सकाळी तिच्या पेटीवर पाच नावं.
पुढच्या महिन्यात नऊ,
शिवणकामाच्या खडूनं लिहिलेली, वरून चिकटपट्टी.
मी म्हटलं, बाई, हे लोक इथं राहत नाहीत.
ती म्हणाली, नियम काय आहे तुमचा?
नाव असेल तर टाकायचं, नसेल तर परत.
मग नाव आहे की, ती म्हणाली,
आणि दातांतला दोरा तोडला.

जिथं गेलेत तिथं पोटभाडेकरू आहेत सगळे,
कुणाच्या तरी खोलीतली खोली,
पाटीवर नाव लावायची परवानगी नाही.
म्हणून रविवारी येतात, स्पांडाउहून, मार्त्सानहून,
क्रुम्बहोल्त्स बाई तर दोन गाड्या बदलून,
एक्याऐंशीच्या वयात, दवाखान्याच्या तारखेसाठी.
इस्त्रीच्या टेबलावर गठ्ठे लावलेले असतात.
शुकैर आणि ओस्मानींचं जिन्यातल्या सायकलीवरून
सहा वर्षं बोलणं बंद होतं.
अजून बंदच आहे. पण शेजारी शेजारी बसतात.

नव्यांना नावं ठेवायला मलाही आवडलं असतं.
पण अपार्टमेंट सातमधून एकदा पायमोज्यांत खाली आली
पाउला आरिस्मेन्दी, रात्रपाळीची नर्स,
एका खोलीत चार खाटा, त्यातली एक तिची, सहाशे युरो.
दारावर नाव नाही, म्हणून बँकेचं कार्ड येईना,
कार्ड नाही, म्हणून पगार अडकलेला.
सेव्गीनं तिच्याकडं बराच वेळ पाहिलं
(हिच्याच खोलीत तिच्या बहिणीचं बिऱ्हाड होतं)
आणि खडू शोधायला आत गेली.
दहावं नाव तिरकं आलंय, जागाच नव्हती.

काल पिवळा लिफाफा होता. कोर्टाचा.
तो हातात दिला काय, पेटीत टाकला काय,
मी वर तारीख घातली की मिळाला असं धरतात.
तारीख घालताना पेन चाललं नाही, पुन्हा गिरवलं.
तरी बेल वाजवली.
कुणाचं? तिनं रोजच्यासारखं विचारलं.
तुमचं, मी म्हणाले.
तिनं हात पुसले, लिफाफा उलटा केला, सुलटा केला,
आणि उघडला नाही.
टेबलावर गठ्ठ्यांच्या रांगेत
स्वतःच्या नावाची जागा केली, शेवटी, इस्त्रीपाशी.
रविवारी बघू, म्हणाली,
सगळे असतात तेव्हा.