दोन रकाने

झेस्ताफोनीत पहाटे चारला भट्टी पेटते.
एतेरी सातपर्यंत पाव काढते
आणि हाताचं पीठ न धुताच
कारखान्यामागच्या तालमीत जाते.
वेगळा खडू कशाला, म्हणते.

"ऑक्टोबरपर्यंत पंच्याऐंशी," झुराब सांगतो.
त्याचं काय जातं?
त्याचे गुडघे कधीच निवृत्त झालेत.

तिच्या वहीत दोन रकाने.
डावीकडे दांडा: बासष्ट, सहासष्ट, सत्तर.
सत्तरवर तीन आठवडे अडलेला,
मग एका मंगळवारी, कुणी बघत नसताना,
साडेबाहत्तर.

उजवीकडे वडील.
पिठाच्या काट्यावर आधी ती एकटी,
मग त्यांना उचलून; वजाबाकी घरी येऊन.
मार्चमध्ये एकाहत्तर. जूनमध्ये चौसष्ट.
तीस वर्षं वितळत्या लोखंडापुढे उभा राहिलेला माणूस
बिछान्यातून खुर्चीत, खुर्चीतून बिछान्यात.
त्याला मूठ घालायला जागा नाही,
आणि खाली आपटता येत नाही.

एका रात्री मांड्या लटपटल्या.
सकाळी दांड्यानं सगळं ओढून घेतलं होतं.
वालिको तिच्या मानेला लोंबकळत म्हणाला,
"टाक की, तिकडे टाकतेस तसं."
दोघं जमिनीवर बसून हसली,
बराच वेळ. उठायचं कसं, हेच कळेना.

दुसऱ्या दिवशी तिनं पंच्याऐंशी खोडून
अठ्ठ्याहत्तर लिहिलं.
झुराबनं तोंड वाकडं केलं.
"थोडी घरी न्यायची असते," एवढंच म्हणाली.

उजव्या रकान्यात ती ध्येय लिहीत नाही.
कालची नोंद: चौसष्टच.
शेजारी पेन्सिलीनं, बारीक,
लोबिओ दोन वाट्या.