उलटी बाजू

गोळीबार चौकातून पेन ड्राइव्ह आला
अत्तराच्या रिकाम्या डबीत, कापसावर.
पुष्पाताई निखारे म्हणाल्या, "बाबाचं पुस्तक हाय, मागावरचे शब्द.
अठ्ठ्याण्णव साली छापलं. पीडीएफ हाय त्यात.
हे तर दिसून राहिलं चांगलं,
नेटवर टाकाले किती टाइम लागते?"

दिसत होतं, खरं आहे.
शोधाच्या चौकोनात मी टाइप केलं: धोटा.
शून्य.
पांजणी. शून्य. फणी. शून्य.
दोनशे बारा पानांच्या मराठी पुस्तकात
मराठीचं एक अक्षर नव्हतं.

उचलून कोऱ्या फाइलीत ओतलं
तर धोट्याच्या जागी सांडला एक डॉलर, अर्धा कंस
आणि टोपी घातलेला परदेशी ओ.
जुना फाँट. मारबतीसारखा:
बाहेरून डोळे, दागिने, जीभ,
आत बांबू आणि रद्दी.

मे महिना. सेहेचाळीस. कूलरच्या वाळ्याला पाणी पुरेना,
लाइट गेली की यूपीएस टिटवीसारखा ओरडायचा.
वेलांट्या शेजारच्या घरात शिरल्या,
रफार भलत्याच डोक्यावर बसला,
जोडाक्षरांनी एकमेकांचे हात सोडले.
ते सगळं दुरुस्त होतं. डोळे दुखतात, पण होतं.

अडलं पान एकशे एकवर.
तिथल्या एका ठळक शब्दाचा फाँट कुणी आत बांधलाच नव्हता,
नुसते चौकोन.
छापील प्रत मागवली. तिथंही चौकोन.
सुखदेव निखाऱ्यांचा एक शब्द
छापखान्यातच राहिला होता इतकी वर्षं,
आणि कुणी विचारलं नव्हतं.
कोड उकलून निघालं: अडिसळ.
किंवा अडसिळ.
शब्दकोशात दोन्ही नाहीत.

पुष्पाताईंना घेऊन तांडापेठेत गेले.
दसरूजी पराते, वय शहाऐंशी,
माग विकून झाला, त्या जागी नातवाचं मोबाइल रिचार्ज.
दोन्ही उच्चार ऐकले, मान हलवली,
मग हवेतच डाव्या हाताचं बोट
दोन न दिसणाऱ्या धाग्यांत घालून दाबलं.
"हे असं. त्याले शब्द काहाले पायजे?"

चित्र सतराखाली मी तेच लिहिलं:
मधलं बोट दोन धाग्यांच्या मध्ये, अंगठा मोकळा.
जो पाहू शकत नाही त्याच्यासाठी.
शब्द दोन्ही ठेवले,
कुणी कसाही शोधो.

मग नवा फाँट आत बांधला, शिदोरीसारखा;
फाइल जिथं उघडेल तिथं आपलंच खाईल.
मथळ्यांना मथळा म्हटलं, तक्त्याला तक्ता,
फाइलीच्या कपाळावर लेखकाचं नाव लिहिलं
(तिथं इतके दिवस कुणा ऑपरेटरचं होतं),
आणि रेवानंद गजभियेला पाठवली.
तो बँकेत असतो, कानानं वाचतो.
रात्री त्याचा फोन:
"ऐक, मॅडम. बाबा मागावर बसले की
बेचाळीस मागावरचे शब्द
कोणी बोलायचं नाही.
हे बेचाळीस कोण?"

पानाचा आकडा. आणि वर छापलेलं पुस्तकाचं नाव.
डोळा ज्याला ओलांडून जातो
त्यात कान अडखळून पडतो.
एकेक पान उघडून त्यांना सांगितलं,
तुम्ही शोभेचे, गप्प राहा.

त्याच बेचाळीसवर, खाली, निखारे लिहितात:
गिऱ्हाईक लुगडं सुलटं पाहते.
कोष्टी आधी उलटून पाहतो.

शुक्रवारी पुष्पाताई आल्या.
धोटा टाकला: एकशे अठरा.
त्या हसल्या. खुर्ची ओढली,
एका बोटानं, अक्षरं हुडकत, स्वतःच टाइप केलं:
पुष्पी.

एक. पान एकशे त्रेसष्ट.

त्यांनी स्क्रीन माझ्याकडून वळवून घेतली.
तेवढ्यात लाइट गेली,
यूपीएस ओरडत राहिला,
मी काही बंद केलं नाही.