खणण्याची मजुरी

नगर-कचेरीच्या तळघरात ओल शोषणारं यंत्र
रात्रंदिवस घरघरत असतं, दमेकऱ्यासारखं.
त्याच्या शेजारी बसून सतरा वर्षं
मी मेलेल्यांच्या टाळूवरचं लोणी खाते आहे.
ब्रश हिलमध्ये असं तोंडावर कोणी म्हणत नाही.
आमची बर्निस इतिहास लिहिते, म्हणतात,
आणि आपल्या पणजोबांचं नाव त्यात येऊ नये म्हणून
नाताळात सफरचंदाचा मुरांबा पाठवतात.

रॉक्साना क्रॅन्डलची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे.
क्षयानं गेली, एकोणिसाव्या वर्षी, डिसेंबरात.
मग तिचा भाऊ एल्नेथन रक्त ओकू लागला,
तेव्हा जाणती माणसं जमली, कुजबुजली,
आणि मार्चमध्ये तिला उकरून काढलं.
गाल लाल होते म्हणे. नखं वाढली होती.
पेट्रोल पंपावरचा हार्लन सांगतो तेव्हा ती कुशीवर वळलेली असते,
त्याचा मेहुणा सांगतो तेव्हा उठून बसते.
काळीज जाळलं, राख पाण्यात कालवली,
भावाला पाजली.
एवढं मात्र सगळे एकाच आवाजात सांगतात
आणि ग्लास खाली ठेवतात.

‘पिशाच’ हा शब्द मला त्या वेळच्या एकाही कागदात सापडला नाही.
तो पन्नास वर्षांनी आगगाडीनं आला,
प्रॉव्हिडन्सच्या कुणा वार्ताहराच्या बॅगेतून,
आणि इथेच राहिला, भाडं न देता.
दर ऑक्टोबरात पोरं येतात बॅटऱ्या घेऊन,
तिच्या दगडाचा टवका काढून नेतात.
आता ‘रॉक्सा’ एवढंच उरलंय.

मला मिळाली ती वाण्याची वही,
डावा कोपरा उंदरांनी खाल्लेली.
मार्च ९, १८४१. क्रॅन्डल यांच्या खाती:
        सरपण, एक गाडी
        रम, दोन बाटल्या
        खणणं, तीन माणसं, अर्धा दिवस
कशासाठी, ते लिहिलेलं नाही.
वाण्याला ठाऊक होतं. गावाला ठाऊक होतं.
लिहायचं कोणासाठी?
खाली तीन नावं. दोघांपुढे आकडे.
तिसऱ्यापुढे, जोब वीडन: मजुरी घेतली नाही.

जोब वीडनला मी आठ महिने शोधलं.
खानेसुमारीत नाही, कराच्या यादीत नाही,
सापडला तो चर्चच्या दप्तरात, आदल्या सप्टेंबरात:
जोब वीडन आणि रॉक्साना क्रॅन्डल,
लग्नाची सूचना, पहिल्यांदा वाचली.
दुसऱ्यांदा वाचली.
त्याखाली बोटभर कोरी जागा.

प्रकाशक फोनवर म्हणाला, छान आहे,
पण यात भीती कुठाय?
मुखपृष्ठाचा लाल रंग ठरलाय आमचा.

या वर्षी नऊ मार्चला मी परसात खणून पाहिलं.
पहार दगडावर आपटावी तशी उसळून आली.
तासाभरात वीतभर. मनगटं रात्री ठणकत राहिली.
तीन माणसं, अर्धा दिवस, साडेचार फूट,
हिशेब काही केल्या जुळेना.

दोन वाजता उठून वहीची छायाप्रत पुन्हा काढली.
एक गाडी सरपण.
एवढंसं काळीज. त्याला एवढं लागत नाही.
आधी माती शेकली असणार त्यांनी,
पहाटेपासून, तिच्यावर विस्तव मांडून,
ती मऊ होईपर्यंत.
कोणीतरी उकिडवं बसून
एकेक ओंडका पुढे सारत असणार.

एल्नेथन मेमध्ये गेला.
वहीत तेच अक्षर: फळ्या. खिळे.
खणणं, एक माणूस.
सरपण नाही.