कळ

रात्रीचे पावणेतीन. रिझे, काळ्या समुद्राकाठचं सरकारी इस्पितळ.
सातव्या खाटेशी शुकूफे हानिम,
बसवत नाही, निजवत नाही,
कठडा धरून एका पायावर उभी.
बगळ्यासारखी, असं नवरा म्हणतो
आणि कुणी हसत नाही.

एकोणचाळीस हंगाम चहाची ओझी वाहिली,
चढावर पाठ कधी कुरकुरली नाही.
काल दुपारी हातातून पडलेली कात्री उचलायला वाकली,
एवढंच.
कमरेतून निघाली ती चमक
मांडीमागून, पोटरीतून, थेट पायाच्या करंगळीत.

गोळ्या झाल्या, सलाईनमधलं औषध झालं.
तिला पेंग आली, कळेला नाही आली.

आधीच्या तिघांना सांगितलं तेच
माझ्या ओठांवर आलेलं:
कळ काढा, सकाळी मणक्यांचे डॉक्टर येतील.
कळ काढा!
जशी काही ती दातात अडकलेलं कूस,
चिमटीत येईल.

मशीन ओढत आणलं. डावं चाक अडतं त्याचं.
"कुशीवर वळा, दुखरी बाजू वर."
वळायला चार मिनिटं लागली.
तेवढ्यात तिनं लाझ भाषेत घातलेल्या शिव्या
फक्त सेवदे सिस्टरला समजल्या;
तिचे कान लाल.

पडद्यावर बुडाचं हाड इकडे, खुब्याचं तिकडे,
मधल्या खळग्यात, जाड स्नायूच्या तळाशी
ती नस: पांढरी, चपटी,
पोळ्याच्या तुकड्यासारखी जाळीदार.
एवढा आकांत मांडणारं
इतकं गुपचूप पडलेलं.

सुई तिरपी. दट्ट्या मागे ओढला, रक्त नाही.
मग थोडं थोडं.
काळं पाणी तिच्याभोवती पसरत गेलं,
भरतीत खडक सुटा व्हावा तसं.
माझा श्वास तेव्हा कुठे होता, ठाऊक नाही.

विसाव्या मिनिटाला शुकूफे हानिम म्हणाली,
"पाय कुठे गेला माझा?"
"आहे इथेच. पण आज त्याच्यावर विसंबू नका,
एकट्यानं खाली उतरायचं नाही."
"हे तर मी लग्नापासून ऐकतेय," नवऱ्याकडे बघून ती.
आता सगळे हसले. तो सगळ्यांत उशिरा.

मग मी सांगत राहिलो,
मणक्यातली गादी सरकलेली आहे तशीच आहे,
मी फक्त निरोप्याला वाटेत गाठलंय,
औषध उतरलं की तो पुन्हा दार वाजवेल...
ती घोरत होती.

एक पाय पांघरुणाबाहेर लोंबत राहिलेला.
सेवदेनं तो दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला,
शेजाऱ्यांचं झोपलेलं मूल
त्यांच्या घरी पोचवावं तसा.