पोतं क्रमांक ४१७

कळमन्याच्या शीतगृहात, तिसऱ्या दाराच्या आत,
भिवापुरी मिरचीचं पोतं. चाळीस किलो.
मी परखी खुपसतो, मूठभर बाहेर काढतो,
देठ बघतो, रंग बघतो, एक मिरची कानाशी मोडतो.
कट्ट वाजली. सुकली आहे.

श्रावस्ती ढवळे, परसोडीच्या आयटी पार्कातून आलेली,
एकावर एक दोन मास्क,
शिंकत शिंकत फोन धरते लेबलासमोर.
"झालं, काका. आता याचे चार हजार टोकन."
म्हणजे दहा-दहा ग्रॅम. आमच्या घरी
एका वेळच्या रश्श्याची तर्री.

गुलाब कोटांगळे पोत्याला टेकून उभा:
"माह्याच पाठीवरून आलं नं बाप्पा हे,
अन् आता कोनी न उचलता चालून रायलं?"

चालतंय.
रात्री दोनला दुबईत कुणी घेतलं,
अडीचला सुरतेत कुणाला गेलं,
पहाटेपर्यंत अकरा मालक झाले.
सकाळी दार उघडून बघतो तर
शिवणीतला निळा दोरासुद्धा हललेला नाही.

ती सांगते, या वहीत खाडाखोड होत नाही.
एकदा लिहिलं ते कायमचं.
माझ्या वहीत खाडाखोडच जास्त:
घट सहाशे ग्रॅम. उंदीर.
पत्रा उडाला, अठरा पोती ओली.
शेठ म्हणाले लिहू नको,
म्हणून त्यावर काट मारली,
अशी की खालचं वाचता यावं.

मे महिन्यात तीन दिवस वीज गेली.
जूनमध्ये मी पुन्हा काटा लावला:
एकोणचाळीस किलो दोनशे.
"मॅडम, ऐंशी टोकन हवेत गेले."
ती फोनकडे बघते, मग पोत्याकडे.
"कुणाचे ऐंशी, काका?"

गुलाबनं तंबाखू मळता मळता वर पाहिलं.
पंखा फिरत राहिला.

"तसं यात," ती जरा वेळानं म्हणाली,
"कुणी कुणावर विश्वास ठेवायची गरजच नसते."
मी मान हलवली.
दर सोमवारी तिच्या फोनवर अंगठा टेकवतो मी:
पोतं आहे.
तेवढ्यावर दुबई झोपते.

रात्री बायको दह्याची वाटी पुढं सरकवते.
"आहे नं पोतं जागेवर?" हसत विचारते.
मी बोलत नाही,
तिच्यापुढं हात धरतो,
लाल, सुजलेला.