चमचा

निवडुंगाची बोंडं संपल्यापासून
चिंचेत राख कालवतात इथे.
आंबटपणा मरतो, हाओवा म्हणते,
भूक नाही मरत.

पातेलं गेलं अंबोवोम्बेच्या बाजारात,
मग झाकण, मग पाण्याची घागर.
हात अडला तो चमच्यापाशी.
शिजवायलाच नाही तर चमचा कशाला,
नवरा विचारायचा.
तो आता उत्तरेला, कोळसा पाडायला गेलाय.

दवाखान्यात मी त्सिहोच्या दंडाला पट्टी लावते.
पुन्हा लाल.
शेंगदाण्याच्या लगद्याची पाकिटं
मोजून दिली होती, रोज दोन, चौदा दिवसांची.
वजन तोळाभरही हललेलं नाही.
माझा आवाज चढतो:
विकलीत की काय?

हाओवा भुईकडे बघत राहते.

थोरली मासी,
जिला दिवस कलला की दिसेनासं होतं,
चौकट चाचपत पुढे येते
आणि फडक्यातून चमचा काढते.
वाटीत खिळ्याने ओढलेल्या दोन रेघा.
हा त्सिहोचा, हा माझा,
हा मधल्याचा.
आणि आईला?
पाकीट उलटं करून.

माझ्या तक्त्यात
एकाच मुलाचं नाव आहे.