पत्त्याचा रकाना

नाव : हरेश्वर रामा पावसे.
वय : सत्तेचाळीस.
वजन : एकोणचाळीस किलो, चपला काढून.
म्हणजे चपला नव्हत्याच.
पत्ता,
इथे माझं पेन थांबलं.

"घर हाय ना," तो म्हणाला, "भावाचा हाय."
मग खोकला आला. तो संपेपर्यंत
आम्ही दोघं हर्णैच्या जेटीकडे बघत राहिलो.

घर असं सुटलं :
आधी कप वेगळा झाला,
कान तुटलेला, मोरीच्या कोनाड्यातला.
मग ताट.
मग वाकळ पडवीतून अंगणात,
अंगणातून माडाच्या बुंध्याशी.
जा असं कोणी म्हटलं नाही.
नवं रेशनकार्ड आलं तेव्हा
त्यावर चारच्या जागी तीन नावं होती, इतकंच.

देवळाचा सभामंडप नऊला बंद.
दापोलीच्या स्टँडवर हवालदार काठीने आधी बाक वाजवतो,
मग पाय.
शेवटी तांडेल म्हणाला, "माझ्या होडीखाली पड,
कुत्री तेवढी हाकल."

पावसाळ्यात वर ओढलेली ती होडी, वैजयंता.
खाली चार टेकू, वर माडाची झापं.
मी रकान्यात लिहिलं :
वैजयंता, उत्तरेकडून तिसरी, डावं अंग.
साहेबांनी लाल पेनाने गोल केला. हा पत्ता नाही.
म्हटलं, सर, गोळ्या तर पोचतात.

गोळ्या पोचायच्या.
उपाशीपोटी घशापर्यंत येऊन परत फिरायच्या,
म्हणून मी अर्धी भाकरी नेऊ लागले.
खाण्यासाठी सरकार पैसे देतं,
ते बँकेत येतात,
बँकेला वीजबिल लागतं.
दीपगृहाची उघडझाप मोजत झोपणाऱ्याने
ते आणायचं कुठून?
आणि झोप तरी कसली.
तुकड्यातुकड्यांनी यायची, भरतीला एक डोळा उघडा ठेवून.
बोटांच्या बेचक्यांत चिखल्या.
पहिल्यांदा लाल लघवी झाली तेव्हा
त्याला वाटलं, आता रक्तच निघालं.
विचारायला जवळ कोण होतं!
चार दिवस त्याने गोळ्या वाळूत पुरल्या.

भावजयीला मी समजावलं,
औषध लागू पडलंय, डॉक्टरांनी तपासलंय,
आता याच्यापासून कोणाला भय नाही.
ती भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली,
"मग न्या की तुमच्याकडं."
माझ्याकडे एक खोली आहे.
तिच्यात वर्षभर गणपतीचं मखर असतं.
मी गाडीला किक मारली.

उपचार सहा महिन्यांचा,
होडी किनाऱ्यावर असते दोन-सव्वादोन.
हे गणित मला सुचायला हवं होतं.

नारळी पौर्णिमेनंतर गेले तर
वैजयंता पाण्यात, झेंडूच्या माळेसकट.
चार टेकू पडलेले,
आणि सगळ्या ओल्या वाळूत
होडीच्या आकाराचा एक कोरडा तुकडा.
त्यावर बिडीचं थोटूक, रिकामं पाकीट औषधाचं,
आणि पावसाचे थेंब, नुकतेच पडू लागलेले.
मी बघत होते तेवढ्यात तो तुकडाही भिजला.

तिसऱ्या दिवशी लिलावातल्या एकीने सांगितलं,
बर्फाच्या कारखान्यामागे बघा.
तिथे, यंत्राची ऊब बाहेर टाकणाऱ्या भिंतीला
पाठ लावून तो बसला होता.
"ताई, अख्ख्या बंदरात
ही एकच भिंत गरम हाय," तो म्हणाला,
पत्ता सापडल्यासारखा.
आतून बर्फाच्या लाद्या फुटल्याचा आवाज येत होता.

वजनकाटा दगडावर नीट बसेना.
दोनदा केलं. एकोणचाळीस, आठशे.
मागच्या रकान्यात लिहिलेलं खोडलं.
आता पत्ता मी पेन्सिलने लिहिते.

"कारखान्याचा मालक कधी येतो?" मी विचारलं.
"सोमवारी," तो म्हणाला.
आज शनिवार होता.
मी तीन दिवसांच्या गोळ्या मोजून दिल्या.